जमीन ज्याची, आकाश कोणाचे?

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो शहराजवळ ‘वॉल्ट डिस्ने वर्ल्ड’ हे प्रचंड करमणूक उद्यान आहे. त्याच कंपनीचे त्याहून जुने ‘डिस्नेलँड’ कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम या गावी आहे. २००३ साली या दोन्ही उद्यानांवर वैमानिकांच्या नकाशात एकेक वर्तुळ उमटले. वर्तुळाची त्रिज्या तीन सागरी मैल, म्हणजे सुमारे साडेपाच किलोमीटर. उंची जमिनीपासून ३००० फूट, म्हणजे सुमारे ९१५ मीटर. या अदृश्य दंडगोलात हवाई नियंत्रकाच्या परवानगीवाचून विमान नेऊ नये, असा नियम झाला. नियमाच्या नावात ‘तात्पुरता’ हा शब्द होता. प्रत्यक्षात तो वीस वर्षांहून अधिक काळ टिकला.

सुरक्षेसाठी एखाद्या ठिकाणावरील आकाश बंद करणे यात नवे काही नाही. अणुभट्ट्या, लष्करी तळ, राष्ट्रप्रमुखांची निवासस्थाने यांच्याबाबत तसे होतच असते. पण येथे खाली होती एका खाजगी कंपनीची बाग. तिच्यावरचे आकाश कोणाचे? त्यातून जाण्याचा आणि जाता जाता खाली पाहण्याचा, छायाचित्र घेण्याचा हक्क कोणाला? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा बराच जुना आहे. त्यात कायदा आहे, रसायनशास्त्र आहे आणि दहावीच्या भूमितीतील समरूप त्रिकोणही आहेत. म्हणून तो येथे थोडा सविस्तर पाहू या.

फुग्यातला कॅमेरा

युरोपातील जुन्या कायदेपंडितांचे एक लॅटिन सूत्र होते. त्याचा आशय असा, की ज्याची जमीन, त्याचेच तिच्यावरचे आकाश आणि तिच्याखालचे पाताळ. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणावर आली किंवा त्याच्या छपराची वळचण कुंपण ओलांडून पुढे आली, की हे सूत्र उपयोगी पडे. त्याहून उंच जाणे कोणालाच शक्य नव्हते, त्यामुळे ‘आकाश’ म्हणजे नेमके किती उंच, हे विचारण्याची वेळही आली नाही.

ती वेळ फुग्यांनी आणली. १७८३ साली फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून माणूस वर गेला. पुढे ७५ वर्षांनी, १८५८ मध्ये, नादार या टोपणनावाने ओळखला जाणारा पॅरिसचा छायाचित्रकार फुग्यात कॅमेरा घेऊन चढला. त्या काळी छायाचित्र काचेच्या ओल्या पट्टीवर घेत. पट्टीवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच प्रकाशात धरायची आणि लगेच विकसित करायची. हा सारा खटाटोप नादारला फुग्याच्या टोपलीत, काळ्या कापडाच्या तंबूत करावा लागे. सुरुवातीला त्याच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा काळ्याच निघाल्या. दोष प्रकाशाचा नव्हता. फुग्याच्या उघड्या तोंडातून निसटणारा वायू त्याच्या रसायनांत मिसळत होता. त्यातील हायड्रोजन सल्फाइडचा चांदीच्या क्षारांशी संयोग झाला, की काळे सिल्व्हर सल्फाइड तयार होते. घरातील चांदीची भांडी काळी पडतात, तोच हा प्रकार. फुग्याचे तोंड बंद ठेवल्यावर त्याला यश आले. आकाशातून छायाचित्रे घेऊन नकाशे बनवण्याच्या कल्पनेचे पेटंटही त्याने त्याच वर्षी घेतले. ती पहिली छायाचित्रे मात्र आज उपलब्ध नाहीत.

आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने हवाई छायाचित्र १३ ऑक्टोबर १८६० रोजी जेम्स वॉलेस ब्लॅक याने अमेरिकेतील बॉस्टन शहरावरून, सुमारे १२०० फुटांवर फुग्यात बसून घेतले. त्यात छपरे, रस्ते, बंदरातील जहाजे दिसतात. १२०० फूट हा आकडा लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुन्हा भेटणार आहे. बॉस्टनच्या कोणा घरमालकाने ‘माझ्या आकाशात का आलात’ म्हणून ब्लॅकवर खटला भरला नाही. फुगा ही तेव्हा नवलाची गोष्ट होती आणि चित्रात कोणाचे अंगण ओळखू येण्याची भीतीही फारशी नव्हती.

कोंबड्यांनी लावलेला निकाल

विमाने आल्यावर जुने सूत्र अडचणीचे ठरले. विमानाखाली येणाऱ्या प्रत्येक शेताच्या मालकाची परवानगी घ्यायची म्हटले, तर विमानसेवा सुरूच होणार नाही. म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९२६ च्या कायद्याने किमान सुरक्षित उंचीच्या वरचे आकाश सर्वांसाठी खुले केले. तरी त्या उंचीच्या खालचे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर एका कोंबडीपालकामुळे मिळाले. नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरोच्या विमानतळाजवळ कॉझ्बी नावाच्या गृहस्थांची जेमतेम पावणेतीन एकर जागा होती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची विमाने उतरताना त्यांच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. घराच्या छपरापासून हे अंतर ६७ फूट आणि सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यापासून केवळ १८ फूट होते. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. अशा सुमारे दीडशे कोंबड्या मेल्या आणि धंदा बसला.

१९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर निर्णय दिला. आकाश अनंतापर्यंत जमीनमालकाचे, हे सूत्र आधुनिक जगात चालणार नाही. वरचे आकाश हा सार्वजनिक रस्ता आहे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र जमिनीचा नेहमीचा उपयोग करण्यासाठी लगतचे जेवढे आकाश लागते, तेवढ्यावर मालकाचा हक्क राहतो. सरकारी विमानांनी त्यातच शिरकाव केल्यामुळे कॉझ्बी यांचा भरपाईचा हक्क मान्य झाला. अशा रीतीने आकाशाचे दोन थर पडले: खालचा घरमालकाचा, वरचा सर्वांचा. दोहोंमधली रेषा किती फुटांवर, हे न्यायालयाने ठरवून दिले नाही.

देशांच्या बाबतीत निराळी व्यवस्था झाली होती. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक देशाची आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सत्ता मान्य केली. याच कराराच्या ३६ व्या कलमानुसार आपल्या भूमीवरून जाणाऱ्या विमानात छायाचित्रणाची साधने वापरण्यास कोणताही देश बंदी घालू शकतो किंवा त्यावर नियम लादू शकतो. म्हणजे आकाशात जाणे आणि आकाशातून पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हाच सर्वांच्या ध्यानात आले होते.

पाहण्याचा गुन्हा

यापुढचे खटले आवाजाचे किंवा धक्क्याचे नव्हते. ते पाहण्याचे होते.

मार्च १९६९ मध्ये टेक्सास राज्यातील बोमाँट येथे ड्यू पाँट कंपनीचा रासायनिक कारखाना उभा राहत होता. मेथॅनॉल बनवण्याची कंपनीची गुप्त पद्धत त्यात वापरली जाणार होती. छप्पर अद्याप पडायचे होते. एका विमानातून दोन छायाचित्रकारांनी या बांधकामाची १६ छायाचित्रे घेतली आणि ती अज्ञात गिऱ्हाइकाला दिली. ते कायद्याने खुल्या असलेल्या आकाशातूनच गेले होते. तरीही १९७० साली अपील न्यायालयाने व्यापारी गुपित असे मिळवणे गैर ठरवले. शाळकरी मुलाला सुचावी अशा युक्तीपासून वाचण्यासाठी अर्धवट कारखान्यावर प्रचंड खर्चाचे छप्पर घालायला लावणे योग्य नाही, असा न्यायालयाचा युक्तिवाद होता.

इंग्लंडमध्ये उलट घडले. तेथील एक कंपनी विमानातून घरांची छायाचित्रे घेऊन ती घरमालकांनाच विकत असे. १९७४ मध्ये तिने लॉर्ड बर्नस्टाइन यांच्या केंटमधील घराचे छायाचित्र घेतले. त्यांनी खटला भरला. १९७७ च्या निकालात न्यायाधीशांनी सांगितले, की शेकडो फूट उंचीवरून एकदा जाऊन छायाचित्र घेणे हे घुसखोरीत मोडत नाही. त्याचबरोबर, एखाद्याच्या घरावर सतत पाळत ठेवून त्याच्या हालचाली टिपल्या, तर न्यायालय तो उपद्रव मानू शकेल, अशी पुस्तीही त्यांनी जोडली.

तिसरा खटला सर्वांत बोलका आहे. १९७८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेला मिशिगनमधील मिडलंड येथील डाऊ केमिकल कंपनीचा २००० एकरांचा कारखाना आकाशातून पाहायचा होता. कंपनीने प्रत्यक्ष पाहणीस नकार दिल्यावर संस्थेने नकाशे बनवण्याचा कॅमेरा बसवलेले विमान भाड्याने घेतले आणि १२०००, ३००० व १२०० फुटांवरून छायाचित्रे घेतली. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निसटत्या बहुमताने संस्थेच्या बाजूने कौल दिला. १२०० फुटांवरील काही छायाचित्रे मोठी करून भिंगाखाली पाहिली, तर अर्धा इंच जाडीच्या तारासुद्धा ओळखू येत होत्या.

ब्लॅकचा फुगा आणि हे विमान एकाच उंचीवर होते. १८६० मध्ये १२०० फुटांवरून शहर दिसले. १९७८ मध्ये तार दिसली. आकाश तेच, कायद्याचे सूत्रही फारसे वेगळे नाही. बदलले ते भिंग आणि फिल्म.

उंचीला भिंगाचे उत्तर

हे थोडे गणिताने पाहू या. कॅमेऱ्यातील प्रतिमा आणि जमिनीवरील वस्तू यांच्यामुळे दोन समरूप त्रिकोण बनतात. त्यामुळे छायाचित्राचे प्रमाण म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर भागिले विमानाची उंची. नकाशाच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर सहसा १५२ मिलिमीटर असते. १२०० फूट म्हणजे ३६६ मीटर. भागाकार केला, की प्रमाण येते सुमारे १ : २४००. चार मीटर लांबीची मोटार फिल्मवर पावणेदोन मिलिमीटरची दिसेल. अर्धा इंच जाडीची तार सुमारे ५ मायक्रोमीटरची, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याहून बारीक. ती टिपायला उत्तम फिल्मच हवी. (लांबट वस्तूला एक फायदा असतो: जाडी अगदी कमी असली, तरी तिच्या सलग रेषेमुळे ती उठून दिसते. दूरवरची विजेची तार आपल्याला दिसते, ती याचमुळे.)

डोळ्याची तुलना करू. निरोगी डोळा सुमारे एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन वेगळा ओळखतो. ३६६ मीटरवर याचा अर्थ सुमारे साडेदहा सेंटिमीटर. म्हणजे वैमानिकाला विटा-दगड दिसतील, कॅमेऱ्याला तारा.

आता उंची ३००० फूट केली, तर काय होईल? उंची अडीचपट झाली, म्हणून प्रमाण अडीचपट लहान झाले. पण नाभीय अंतरही अडीचपट, म्हणजे ३८० मिलिमीटर केले, की प्रमाण पुन्हा १ : २४००. पक्ष्यांची छायाचित्रे घेणारे हौशी लोक ४०० मिलिमीटरचे भिंग सर्रास वापरतात. हवेतील धूसरपणा आणि विमानाची थरथर यांनी स्पष्टता थोडी कमी होईल, पण तत्त्व बदलत नाही. उंचीची मर्यादा पाहणाऱ्याला थांबवत नाही. ती त्याला फक्त लांब भिंग घ्यायला लावते.

बांध, बोगदे आणि वर्तुळ

आता पुन्हा डिस्नेच्या उद्यानांकडे येऊ. ॲनाहाइमचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी, पूर्वी संत्र्यांच्या बागा असलेल्या सुमारे १६० एकरांवर उघडले. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घातला होता. आत आलेल्याला बाहेरचे रस्ते, खांब, घरे दिसू नयेत, हा त्याचा हेतू. फ्लोरिडात १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेल्या ‘मॅजिक किंगडम’मध्ये याच्या पुढची पायरी गाठली गेली. कामगारांची ये-जा, कचरा, सामान हे सारे प्रेक्षकांच्या पायाखालील बोगद्यांतून होऊ लागले. थोडक्यात, ही उद्याने म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसाठी रचलेले नाटक आहे. वरून पाहिले, की किल्ल्यांमागची सपाट छपरांची गोदामे, वातानुकूलनाची यंत्रे आणि अर्धवट बांधकामे दिसतात. बांध आडवी नजर अडवतो, उभी नाही. गंमत म्हणजे फ्लोरिडातील ही जागा खुद्द वॉल्ट डिस्ने यांनी नोव्हेंबर १९६३ मध्ये विमानातून पाहिली होती. भाव वाढू नयेत म्हणून नंतर ती निरनिराळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत गुपचूप विकत घेतली गेली.

सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत गर्दीच्या क्रीडांगणांवरील आकाश सामन्यांच्या वेळी बंद होऊ लागले. डिस्नेची दोन वर्तुळे २००३ साली आली, आणि सरकारी खर्चाच्या मंजुरीसाठी केलेल्या कायद्यांत हे निर्बंध चालू ठेवण्याची तरतूद घालण्यात आली. त्यामुळे विमान वाहतूक खात्याला ते स्वतःच्या अखत्यारीत उठवणे शक्य राहिले नाही. ही तरतूद कंपनीच्या आग्रहामुळे आली, असे त्या वेळी अमेरिकी वृत्तपत्रांनी लिहिले. ऑरलँडोतीलच इतर मोठ्या उद्यानांना असे वर्तुळ मिळाले नाही. जाहिरातींचे फलक ओढत नेणाऱ्या छोट्या विमानांचा धंदा या भागातून उठला, आणि त्यांनी तक्रार केली, की सुरक्षेच्या नावाखाली आपल्यालाच हटवले आहे.

कंपनीची बाजूही नीट पाहायला हवी. लाखो कुटुंबे, त्यांत मुले, जेथे जमतात तेथे काळजी घेणे वावगे नाही. गर्दीवर कमी उंचीवरून घिरट्या घालणारे विमान कोसळले, तर अनर्थ होईल, हेही खरे. पण मग आकडे तपासावेत. ताशी २०० किलोमीटर वेगाचे लहान विमान साडेपाच किलोमीटर अंतर सुमारे १०० सेकंदांत कापते. ज्याला हल्लाच करायचा आहे, त्याला हे वर्तुळ थांबवू शकत नाही. ते थांबवते फक्त नियम पाळणाऱ्याला. दुसरा आकडा क्षेत्रफळाचा. साडेपाच किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे ९७ चौरस किलोमीटरचे होते. डिस्नेलँडची मूळ जागा १६० एकर, म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरही नाही. ॲनाहाइमच्या त्या वर्तुळात बहुतांश घरे, शाळा आणि रस्ते इतरांचे आहेत. छायाचित्रकाराला तर ३००० फुटांच्या वर जाऊन लांब भिंग लावणे पुरेसे आहे. आणि उपग्रहांना हे वर्तुळ लागूच नाही.

ड्रोन आल्यावर प्रश्न पुन्हा खाली उतरला. ड्रोन उडतो तो नेमका १९४६ च्या निकालाने अनिश्चित ठेवलेल्या थरात. २०१६ च्या अमेरिकी कायद्याने खात्याला सांगितले, की रसायनांचे कारखाने, तेलशुद्धीकरण केंद्रे आणि करमणूक उद्याने यांच्या चालकांना ड्रोनबंदीसाठी अर्ज करता येईल अशी पद्धत तयार करा. पुढे अनेक वर्षे ती पद्धत अंतिम झाली नाही. योगायोग असा, की त्याच वर्षी डिस्नेने आवश्यक ती परवानगी घेऊन फ्लोरिडातील आपल्या संकुलात ३०० ड्रोनचा प्रकाशखेळ केला.

आपल्याकडे

आपल्याकडे या प्रश्नाची सुरुवात उलट टोकाने झाली. विमान नियम, १९३७ मधील १३ व्या नियमानुसार उडत्या विमानातून छायाचित्र घेण्यास परवानगी लागे. साध्या प्रवाशाला केबिनमधून छायाचित्र घेण्याची सवलत मिळाली ती २००४ साली. २०२१ मध्ये ड्रोन नियम आले. त्यांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे पट्टे पाडले. हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उडवण्यास पूर्वपरवानगी लागत नाही. लाल पट्ट्यासाठी केंद्र सरकारची परवानगी लागते. त्याच वर्षी नकाशे व भूस्थानिक माहितीवरील अनेक बंधनेही सैल झाली. म्हणजे अमेरिकेत खुल्या आकाशाचे तुकडे बंद होत गेले, तर भारतात बंद आकाशाचे तुकडे खुले होत गेले. दोन्हीकडे रेषा कोठे आखायची, हाच वाद आहे.

तीन प्रश्न

या साऱ्या इतिहासावरून आम्हाला असे वाटते, की आकाशावरील कोणत्याही निर्बंधाला तीन प्रश्न विचारावेत. तो नेमके कशाचे रक्षण करतो: माणसांच्या जिवाचे, त्यांच्या खाजगीपणाचे, व्यापारी गुपिताचे की केवळ देखाव्याचे? ज्या धोक्यासाठी तो घातला, त्याला तो खरोखर अडवतो का? आणि तो कधी संपेल, हे कोणी ठरवायचे? ड्यू पाँटच्या खटल्यात पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट होते, म्हणून तो निकाल पटतो. डिस्नेच्या वर्तुळांना तीनही प्रश्न विचारले, तर उत्तरे अडखळतात.

शिक्षकांनी हा विषय वर्गात सहज घ्यावा. शाळेच्या पटांगणात एक मीटरची पट्टी ठेवावी. पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरून त्याच फोनने, झूम न वापरता, सरळ खाली पाहून तिचे छायाचित्र घ्यावे. चित्रातील पट्टीची लांबी मोजून फोन आणि पट्टी यांमधील उंचीशी गुणोत्तर जुळते का, ते मुलांना पाहू द्यावे. मग तिसऱ्या मजल्यावरूनच झूम करून पाहावे, आणि भिंगाने जवळ आणणे व नुसते चित्र ताणून मोठे करणे यांतला फरक शोधायला सांगावा. शेवटी एक प्रश्न फळ्यावर लिहावा: शेजारच्या अंगणाचे असे छायाचित्र घ्यायला हरकत कोणाची असेल, आणि का? पहिल्या भागाचे उत्तर भूमिती देते. दुसऱ्याचे उत्तर आपल्याला एकत्र बसूनच ठरवावे लागते.